द्वारदर्शन संपल्यावर

घरातील कर्ता माणूस गेला म्हणजे खानदेशात द्वारदर्शनासाठी माणसांची रीघ लागते. अंगणात सतरंजी पडते; आलेला प्रत्येक जण दोन शब्द बोलून, किंवा काहीच न बोलता, घटकाभर बसतो आणि उठतो. उत्तरकार्याला आणि गंधमुक्तीला सोयरेधायरे जमतात. पेरणीचे काय, सोसायटीचे कर्ज किती, विम्याचे कागद कोठे आहेत, याचा खल होतो. मोठ्या माणसांच्या दुःखाला वाट करून देणारी ही रीत जुनी आहे आणि शहाणपणाचीही आहे. मात्र या वर्दळीत घरातले आठ-नऊ वर्षांचे मूल कोठे असते, असे कोणी विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळेल : त्याला शेजारी पाठविले आहे. तो मुलगा असला आणि थोरला असला, तर विधीपुरते मडके त्याच्या हाती दिले जाते, आणि मग त्यालाही शेजारी पाठविले जाते. मुलीच्या वाट्याला तेवढेही येत नाही. 'बाबा देवाघरी गेले', 'आई गावाला गेली' असे काहीतरी सांगून वडीलधारी माणसे आपली सुटका करून घेतात.

गंधमुक्ती आटोपल्यावर हे मूल शाळेत येते. वर्गशिक्षक हळहळतात, डोक्यावरून हात फिरवितात, आणि अभ्यासक्रम मागे पडू नये म्हणून धडा पुढे चालू होतो. काही दिवसांनी शिष्यवृत्तीचा अर्ज येतो. त्यात वडिलांच्या नावाआधी 'कै.' हे अक्षर मुलाला पहिल्यांदा आपल्या हाताने लिहावे लागते. सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत 'माझे बाबा' किंवा 'माझी आई' हा निबंध असतो, आणि त्याला पर्याय म्हणून 'पावसाळ्यातील एक दिवस' असतो. कोणता विषय निवडावा हा निर्णय त्या मुलाने एकट्याने, तीन तासांच्या घड्याळाकडे पाहत घ्यावयाचा असतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. शाळेजवळ अशा प्रसंगी करावयाचे म्हणून काहीच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वस्तुतः शाळेजवळ एक साधन आहे, आणि ते कुलुपात आहे. गोष्टींच्या पुस्तकांचे कपाट हे ते साधन. त्याचा विचार जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शिक्षकांनी करावा असे सुचविण्यास एक खास कारण आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी मुलांना मृत्यू कितपत कळतो, हे पाहिले पाहिजे. मुले लहान आहेत, त्यांना समजत नाही, समजत नाही तेच बरे, असा एक सर्वत्र आढळणारा समज आहे. हंगेरीतील मारिया नागी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून, त्यांच्याकडून चित्रे काढवून घेऊन, जो अभ्यास केला तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील मुलाला मृत्यू म्हणजे दूर जाणे किंवा झोपणे वाटते, म्हणजे त्यातून परत येता येते; पुढील चार वर्षांत मृत्यू ही कोणीतरी येऊन माणसाला घेऊन जाणारी व्यक्ती होते; आणि नवव्या वर्षाच्या सुमारास तो सर्वांना येणारा आणि न टळणारा आहे असे उमगू लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या अभ्यासकांनी या वयोमर्यादांत पुष्कळ फेरफार सुचविले. ज्या मुलाने घरात मरण पाहिले आहे त्याला ते लवकर कळते, हेही अनेकांनी दाखविले. परंतु मुख्य मुद्दा कायम राहिला. मूल विचार करीतच असते. 'आई गावाला गेली' या वाक्यावर मोठी माणसे निर्धास्त होतात, आणि पाच वर्षांचे मूल गावाहून येणाऱ्या एस. टी.कडे पाहू लागते. सात वर्षांचे मूल त्याहून वाईट हिशेब मांडते : मी हट्ट केला म्हणून ती गेली काय? हा प्रश्न ते कोणालाही विचारीत नाही.

आता ते खास कारण. मराठी मुलांसाठी लिहिलेले शोकाचे सर्वांत मोठे पुस्तक ज्या माणसाने लिहिले, तो माणूस खानदेशातील एका शाळेत मास्तर होता. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ साली अमळनेरच्या शाळेत, म्हणजे पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या शाळेत, शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरेपर्यंत तेथेच राहिले. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांची ते किती काळजी वाहत, त्यांच्यासाठी रोज हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक कसे काढीत, याच्या हकिकती अमळनेरला आजही सांगितल्या जातात. त्यांची आई १९१७ साली गेली. साने तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि शिक्षणासाठी पुण्याला होते. शेवटची भेट झाली नाही. 'श्यामची आई' या पुस्तकाचा फार मोठा भाग त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिला. म्हणजे आईचा मृत्यू आणि आईची गोष्ट यांच्यामध्ये पंधरा वर्षांहून अधिक काळ गेला होता. दुःखाला तेराव्या दिवसाची मुदत घालणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

या पुस्तकाची रचनाही लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमात दिवसाची कामे आटोपल्यावर सोबती जमतात आणि श्याम आपल्या आईविषयी सांगतो; एका रात्री एक गोष्ट, आणि मग सारे उठतात. अशा बेचाळीस रात्री. आईचे मरण शेवटी येते, आणि तेथपर्यंत पोचताना ऐकणाऱ्याने तिला भांडी घासताना, रागावताना, मुलाच्या धाकट्या भावाच्या मृत्यूने खचताना, कर्जवसुलीला आलेल्या माणसापुढे ताठ उभी राहताना पाहिलेले असते. सांगणारा स्वतः मध्येच थांबतो, रडतो. ऐकणारे त्याला गप्प करीत नाहीत. शोक करणाऱ्या माणसाला काय हवे असते, याचा जणू आराखडाच येथे आहे : ठरलेली वेळ, थोडी माणसे, थोडे थोडे सांगणे, आणि गेलेल्या माणसाच्या मृत्यूइतकेच त्याच्या जगण्याविषयी बोलण्याची मुभा. अमळनेरच्या छात्रालयात संध्याकाळी मुले जमवून गोष्टी सांगणाऱ्या मास्तरलाच हा आराखडा सुचावा, यात नवल नाही.

या पुस्तकाचे पुढे शाळांनी काय केले? त्याचे संस्कारांचे पुस्तक केले. परिपाठाच्या वेळी त्यातील एखादी रात्र वाचावयाची आणि शेवटी 'यावरून काय बोध घ्याल?' असे विचारावयाचे. आईची आज्ञा पाळावी, हा बोध. ज्या वर्गात चाळीस मुलांच्या आया घरी आहेत आणि एका मुलीची नाही, तेथे ही वाक्ये त्या एका मुलीच्या कानी कशी पडत असतील, याचा विचार वाचणाऱ्याच्या मनात येत नाही. ज्या पुस्तकाने तिला आपले म्हणावे तेच पुस्तक तिला वर्गापासून वेगळे पाडते. दोष पुस्तकाचा नव्हे. गोष्ट संपताच तिचे तात्पर्य काढून घेण्याची जी घाई आपल्या शिक्षणात मुरली आहे, तिचा तो दोष आहे. गुरुजींच्या पश्चात प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामालेची चळवळ उभी केली, तेव्हा गोष्ट सांगणे हेच काम मानले गेले होते. आज कथाकथनाच्या स्पर्धा होतात, हावभावांना गुण मिळतात आणि ढाली वाटल्या जातात.

पुस्तकाच्या साहाय्याने मनाला आधार देण्याच्या या पद्धतीला पाश्चात्त्य देशांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, १९१६ साली, एका अमेरिकन लेखकाने काहीशा थट्टेने 'ग्रंथोपचार' अशा अर्थाचे नाव दिले आणि ते रूढ झाले. पुढे कॅरोलिन श्रोड्‌स या विदुषीने १९४९ च्या सुमारास तिची मीमांसा केली. वाचणारा आधी पात्राशी एकरूप होतो, त्या पात्राच्या निमित्ताने त्याच्या मनातील कोंडलेले बाहेर पडते, आणि नंतर त्याला आपल्या स्थितीविषयी काही उमजते, अशी ती मांडणी आहे. भरतमुनींचा रसविचार शिकलेल्या मराठीच्या प्राध्यापकांना यात फारसे अपरिचित वाटू नये. नावे बाजूला ठेवली तरी व्यवहारात दिसते ते असे की, मुलाला 'तुला काय वाटते?' असे थेट विचारले तर ते मान खाली घालते. परंतु गोष्टीतल्या मुलाला काय वाटले असेल, यावर ते बोलते. दोन उत्तरे बहुधा एकच असतात.

अशी पुस्तके मराठीत अगदीच नाहीत असे नाही. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' मराठीत आल्यापासून शिक्षकांच्या घरोघरी पोचले आहे. मात्र बहुतेकांना त्यातील आगगाडीच्या डब्यांची शाळा आठवते. त्यात पोलिओ झालेला एक मित्र आहे. तोत्तोचान त्याला एकदा झाडावर चढविते, आणि पुढे एके दिवशी तो मरण पावल्याचे मुख्याध्यापक सर्व मुलांना स्वतः सांगतात. ते देवाघराची भाषा वापरीत नाहीत, आणि मुलांना घेऊन अंत्यविधीला जातात. त्या मित्राने वाचावयास दिलेले एक पुस्तक तोत्तोचानजवळ राहते. दोन-तीन पानांचा हा भाग एखाद्या मुख्याध्यापकाने वाचला, तर आपल्या शाळेतील विद्यार्थी गेल्यावर काय करावे हे त्याला वेगळ्या परिपत्रकावाचून समजेल. आपल्याकडे कठोपनिषदातील नचिकेत हा मृत्यूच्या दारात तीन रात्री बसून प्रश्न विचारणारा मुलगाच आहे. मोहरीचा दाणा मागत घरोघर फिरणाऱ्या किसा गोतमीची कथा बौद्ध घरांत सांगितली जाते; तिच्यात उपदेशापूर्वी फिरणे आहे, आणि प्रत्येक दारात कोणीतरी गेलेले आहे. रवींद्रनाथांच्या 'डाकघर' नाटकातला आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो. जुलै १९४२ मध्ये वॉर्सा शहरातील ज्यू वस्तीत कोंडलेल्या अनाथालयातील मुलांकडून यानुश कोर्चाक यांनी हेच नाटक बसवून घेतले. पुढच्याच महिन्यात ती मुले आणि त्यांच्याबरोबर कोर्चाक यांना ट्रेब्लिंकाच्या छावणीकडे नेण्यात आले. मुलांना मृत्यूविषयी सांगू नये असे म्हणणाऱ्यांनी कोर्चाक यांच्यापुढे कोणता पर्याय होता ते सांगावे.

एवढे भीषण प्रसंग आपल्याकडे नसतील; पण जे आहेत ते थोडे नाहीत. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाने द्वारदर्शनाची रीतच मोडली. माणूस रुग्णवाहिकेतून गेला आणि पुन्हा दिसला नाही. घरी ना सतरंजी पडली, ना कोणी येऊन बसले. तेव्हा पहिली-दुसरीत असलेली मुले आता माध्यमिक शाळेत आहेत. सरकारने त्या वेळी हात आखडता घेतला असे म्हणता येणार नाही. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाख रुपयांची मुदत ठेव जाहीर केली, केंद्राने वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळतील अशी योजना आखली, आणि बालसंगोपन योजनेचे दरमहा अनुदान पुढे २,२५० रुपयांवर आणण्यात आले. पैसा लागतोच. मुलाचे शिक्षण सुटू नये यासाठी तो पहिल्यांदा लागतो. पण ठेव ही एकवीस किंवा तेवीस वर्षांच्या तरुणासाठी असते. आठ वर्षांच्या मुलासाठी त्या योजनांत रकाना नाही.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर तर मुलाच्या दुःखाला एक निराळेच वळण मिळते. जळगाव हा कापसाचा जिल्हा. कापूस गेला की काय होते हे येथे कोणाला सांगावयास नको. अशा कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचा राज्याचा निर्णय आहे. त्यांतील तीस हजार हाती मिळतात आणि सत्तर हजार ठेवीत जातात. मात्र त्याआधी जिल्हा समिती तपासते की, जमीन नावावर होती काय, कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे होते, वसुलीचा तगादा लागला होता काय. या निकषांत जे बसत नाही ते प्रकरण 'अपात्र' ठरते. प्रशासनाला असा शब्द लागत असेल. तलाठ्याकडून घरी आलेला तो शब्द मुलाच्या कानी पडतो तेव्हा त्याचा अर्थ बाप अपात्र ठरला, एवढाच होतो. गावातील कुजबुज त्यात आपली भर घालते. बापाच्या जगण्याविषयी, तो बैलांना काय नावाने हाक मारी याविषयी, त्या मुलाशी बोलणारे कोणी राहत नाही. कारण आईला बोलवत नाही आणि इतरांना काय बोलावे ते कळत नाही.

आजी असते की घरात, असे कोणी म्हणेल. असतेही, परंतु त्या आजीचा मुलगा गेलेला असतो, हे विसरता कामा नये. असोद्याची लेक आणि जळगावची सून असलेल्या बहिणाबाई चौधरींना तिशीतच वैधव्य आले. पदरी तीन लहान मुले होती. त्यांनी ते दुःख शेतात आणि जात्यावर गाण्यांतून बोलून दाखविले, आणि त्यांचा मुलगा सोपानदेव त्या शब्दांत वाढून कवी झाला. ते जाते आता घरांत नाही. प्रत्येक घरात बहिणाबाई असेल अशी अपेक्षा ठेवणेही न्याय्य नव्हे. आखाजीला घागर भरताना गेलेल्यांची नावे अजून घेतली जातात. त्या दिवशी मुलाला शेजारी बसवून नावामागचे माणूस सांगितले, तर सणाला काही उणेपण येणार नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे प्राप्त आहे. गोष्ट हे औषध नव्हे. साने गुरुजींनी स्वतः ११ जून १९५० रोजी आपले जीवन संपविले. इतक्यांना आधार देणारा माणूस आतून किती एकाकी असू शकतो, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले. जे मूल महिनोन्‌महिने जेवत-झोपत नाही, बोलणे टाकते, स्वतःला इजा करते किंवा 'मलाही तिकडे जायचे आहे' असे म्हणते, त्याच्या हाती पुस्तक देऊन शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा उपलब्ध आहे. हा क्रमांक शिक्षकांच्या खोलीत, वेळापत्रकाच्या शेजारी, लावलेला असावा.

बाकीच्या मुलांसाठी, आणि तीच बहुसंख्य असतात, शिक्षकाने करावयाचे फार थोडे आहे. दुःखातील मुलाला एकट्याला बोलावून 'हे वाच, तुझ्यासाठी आहे' असे सांगू नये. गोष्ट साऱ्या वर्गाला वाचून दाखवावी, म्हणजे ती कोणासाठी आहे हे ज्याचे त्याला समजते. पहिल्याच आठवड्यात वाचू नये. वाचण्यापूर्वी स्वतः एकदा पूर्ण वाचावी. वर्गासमोर आवाज फुटला तर त्यात कमीपणा नाही, मात्र तो पहिल्यांदा तेथे फुटू नये. वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नयेत. एखादे मूल उठून बाहेर गेले तर जाऊ द्यावे, आणि ते परत येईपर्यंत कोणी तरी त्याच्या नजरेच्या टप्प्यात असावे. त्या वर्षी 'माझे बाबा' हा निबंध प्रश्नपत्रिकेतून काढावा, किंवा ज्याला लिहावयाचा असेल त्याला गुणांवाचून लिहू द्यावा. काही मुले तोच लिहितील.

भाषेचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. छापील पुस्तकात 'आई' असते आणि अमळनेर, शिरपूर, साक्रीकडच्या कित्येक घरांत 'माय' असते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आश्रमशाळांतील मुलांची घरची भाषा अहिराणीही नव्हे. पावरी, भिलोरी किंवा तडवींची बोली असते. हीच मुले घरापासून दूर, वसतिगृहात राहतात; म्हणजे मृत्यूची बातमी त्यांना पुण्यातल्या साने यांच्याप्रमाणे उशिरा आणि परक्या जागी कळते. दुःखाच्या वेळी परकी भाषा समजते, पण जवळची वाटत नाही. अशा शाळेत पुस्तकातील गोष्ट शिक्षकाने किंवा स्वयंपाकघरातील मावशीने मुलांच्या बोलीत सांगावी. पुस्तक उघडे असावे, म्हणजे चित्रे दिसतील.

राहिला कपाटाचा प्रश्न. समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळण्याची तरतूद आहे. वीस-पंचवीस चांगली पुस्तके त्यात सहज बसतात. जळगावचे व. वा. वाचनालय, धुळ्याचे गरुड वाचनालय यांसारख्या जुन्या संस्था निवडीला साहाय्य करू शकतील. अध्यापक विद्यालयांतून दोन दिवसांचे वर्ग घेता येतील. अडचण पुस्तकांच्या किमतीत नाही, ती डेडस्टॉक रजिस्टरात आहे. पुस्तक हरवले तर भरपाई शिक्षकाच्या पगारातून होईल या भीतीने कपाटाला कुलूप लागते, आणि किल्ली तपासणीच्या दिवशीच बाहेर येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे मराठी साहित्य संमेलन भरले, ग्रंथदिंडी निघाली. त्या दिवशीही तालुक्यातील किती शाळांत हे कुलूप उघडले गेले, याची चौकशी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. दोन्ही जिल्हा परिषदांच्या शिक्षण समित्यांनी एक साधा ठराव करावा : दरवर्षी ठराविक पुस्तके वापरात फाटली किंवा हरवली म्हणून, शिक्षकाला जबाबदार न धरता, निर्लेखित करता येतील, आणि ज्या विद्यार्थ्याच्या घरी मृत्यू घडला आहे त्याने एखादे पुस्तक परत केले नाही, तर ते मागू नये.